खाऱ्या पाण्यातली जेट स्की

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. जेट स्कीचे इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्यांमध्ये फेरी संपल्यावर पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी राहिले, तर इंजिनाच्या उरलेल्या उष्णतेने ते उडून जाते आणि सुमारे ७ ग्रॅम मीठ मागे उरते. हा एका फेरीचा चमचाभर हिशेब झाला. पुढच्या फेरीत त्यातले काही विरघळते, काही तसेच राहते आणि त्यावर नवा थर चढतो. खाऱ्या पाण्यात वापरल्या जाणाऱ्या जेट स्कीची देखभाल म्हणजे मुख्यतः या मिठाला वाळू न देणे. ती किती वर्षे टिकेल, हे समुद्रात ती कशी पळवली यापेक्षा किनाऱ्यावर आणल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात तिचे काय केले यावर जास्त ठरते.

या वाहनाला आपल्याकडे सरसकट जेट स्की किंवा वॉटर स्कूटर म्हणतात. ‘जेट स्की’ हे खरे तर कावासाकी कंपनीचे व्यापारी नाव. क्लेटन जेकबसन या अमेरिकी मोटरसायकल शर्यतपटूच्या कल्पनेवरून कावासाकीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उभ्याने चालवायचे वाहन बाजारात आणले आणि पुढे हेच नाव सगळ्यांना चिकटले. त्याआधी १९६८ मध्ये कॅनडाच्या बॉम्बार्डियर कंपनीने ‘सी-डू’ नावाचे बसून चालवायचे वाहन काढले होते. यामाहाचे ‘वेव्हरनर’ १९८० च्या दशकातले. आज किनाऱ्यांवर दिसतात त्या दोन-तीन जणांना नेणाऱ्या जेट स्की या बसून चालवायच्या प्रकारातल्या असतात. त्यातली लहान जेट स्की दोनशे किलोच्या आसपास भरते, मोठी साडेतीनशेच्या वर जाते.

जेट स्कीला बाहेर फिरणारा पंखा नसतो. तिच्या पोटाखाली एक जाळी असते. आत नळीत बसवलेला इम्पेलर नावाचा पंखा त्या जाळीतून पाणी ओढून घेतो आणि मागच्या निमुळत्या तोंडातून जोराने फेकतो. त्या धक्क्याने वाहन पुढे जाते. न्यूझीलंडच्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांत बोट चालवता यावी म्हणून विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात याच तत्त्वाचा जलजेट यशस्वी करून दाखवला होता. यामुळे वाहनाला सुकाणू लागत नाही. हँडल वळवले की मागचे तोंड वळते आणि पाण्याची धार दिशा देते. अर्थात धार असेल तरच. समोर अडथळा दिसताच नवखा माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो, धार थांबते आणि हँडल कितीही वळवले तरी जेट स्की सरळच जात राहते. जेट स्की घेणाऱ्याने सर्वांत आधी शिकायची गोष्ट हीच आहे.

देखभालीच्या दृष्टीने या पंपाचे आणखी एक काम महत्त्वाचे आहे. पंपात तयार होणाऱ्या दाबानेच थोडे पाणी इंजिनाकडे वळवले जाते आणि ते इंजिनाला थंड ठेवते. काही कंपन्यांच्या जेट स्कींत समुद्राचे हे पाणी थेट इंजिनाच्या आतल्या पोकळ्यांतून फिरून बाहेर पडते. या रचनेला खुली शीतनव्यवस्था म्हणतात. यामाहा आणि कावासाकीच्या जेट स्की या प्रकारच्या असतात. सी-डूच्या अलीकडच्या चार-स्ट्रोक इंजिनांत मोटारीप्रमाणे बंदिस्त कूलंट फिरतो आणि तो तळाशी लावलेल्या धातूच्या पट्टीतून आपली उष्णता समुद्राला देतो. तिथे मीठ इंजिनाच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. पण बंदिस्त व्यवस्था आहे म्हणून धुवायची गरज नाही, ही समजूत महागात पडते. धूर बाहेर नेणारा पाइप तिथेही समुद्राच्याच पाण्याने थंड होतो आणि मीठ साठायला तेवढी जागा पुरते.

मीठ धातूचे नुकसान दोन प्रकारे करते. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील गंजत नाहीत असे आपण मानतो, ते त्यांच्या पृष्ठभागावर आपोआप तयार होणाऱ्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ पापुद्र्यामुळे. मिठातले क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी फोडते. तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते आतल्या आत खोल जातात. वरून पांढरी भुकटी किंवा तांबूस डाग एवढेच दिसते. स्क्रूच्या डोक्याखाली, रबरी पाइपावरच्या पट्टीखाली, दोन भाग जुळतात त्या फटीत हे काम सर्वांत वेगाने चालते, कारण तिथे ऑक्सिजन कमी पोहोचतो आणि पापुद्रा पुन्हा धरू शकत नाही. म्हणून स्क्रू किंवा पट्टी बदलायची वेळ आली की बाजारात मिळेल ते स्टेनलेस न लावता ३१६ प्रतीचे लावावे. त्यात मॉलिब्डेनम असते आणि क्लोराइडपुढे ते स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या ३०४ प्रतीच्या स्टीलपेक्षा बराच काळ टिकाव धरते.

दुसरा प्रकार दोन वेगळ्या धातूंच्या शेजारातून येतो. जेट स्कीचा इम्पेलर स्टेनलेस स्टीलचा असतो आणि बहुतेक पंपांचे भाग ॲल्युमिनियमचे. दोन्ही एकमेकांना टेकलेले आणि खाऱ्या पाण्यात बुडालेले असले की एक छोटी विद्युतघट तयार होते. तीत झिजते ते ॲल्युमिनियम. त्याला वाचवण्यासाठी पंपाजवळ जस्ताचा किंवा खास ॲल्युमिनियम मिश्रधातूचा एक तुकडा स्क्रूने बसवलेला असतो. त्याला अ‍ॅनोड म्हणतात. तो पंपाच्या धातूपेक्षा लवकर विरघळतो आणि स्वतः झिजून पंप राखतो. पत्र्याच्या बादलीवर जस्ताचा मुलामा असतो तो याच कारणासाठी.

ही युक्ती दोनशे वर्षे जुनी आहे. ब्रिटिश युद्धनौकांच्या तळाला लावलेला तांब्याचा पत्रा समुद्रात झिजत असे. १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी त्याला लोखंड-जस्ताचे तुकडे जोडायला सुचवले. तांबे झिजायचे थांबले. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषारीपणामुळे दूर राहणारे शेवाळ आणि शिंपल्यांचे जीव आता बिनधास्त तळाला चिकटू लागले आणि जहाजे मंदावली, म्हणून नौदलाने तो उपाय सोडून दिला. जेट स्कीला ही अडचण येत नाही, कारण ती रोज पाण्याबाहेर काढता येते आणि काढायलाच हवी. खाडीत दोरीला बांधून आठवडाभर ठेवलेल्या जेट स्कीच्या पंपात शेवाळ धरते, पुढे बार्नॅकल बसतात आणि तिचा वेग घटतो. अ‍ॅनोड अर्धा झिजला की बदलावा. त्याला रंग किंवा ग्रीस लावू नये, नाहीतर तो निकामी होतो. महिनोन्महिने नवाकोरा दिसणारा अ‍ॅनोड हे चांगले लक्षण समजू नये. स्क्रूखाली गंज किंवा रंग असल्यामुळे त्याचा धातूशी संपर्क तुटलेला असण्याची शक्यता तेव्हा जास्त असते.

आता त्या अर्ध्या तासाविषयी. खारे पाणी बाहेर काढण्यासाठी जेट स्कीला बागेचा पाइप जोडायची सोय असते. त्यातून गोडे पाणी शीतनव्यवस्थेत फिरवतात. मेकॅनिक याला ‘फ्लश करणे’ म्हणतात. यात क्रम कधीही चुकू नये. आधी इंजिन चालू करायचे, मग लगेच नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. इंजिन बंद असताना नळ सोडला तर पाण्याला बाहेर ढकलायला धूर नसतो. पाणी धुराच्या पाइपात साठत जाते आणि उलटे फिरून सिलिंडरमध्ये शिरू शकते. पाणी दाबले जात नाही. अशा स्थितीत स्टार्टर दाबला की पिस्टन त्या पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चांगले इंजिन धुताना निकामी होते ते असे. नळ बंद केल्यावर काही सेकंद थ्रॉटल हलकेच दोन-तीनदा देऊन पाइपातले पाणी बाहेर फेकावे आणि इंजिन थांबवावे. हे सगळे थोड्या मिनिटांत उरकायचे असते. जमिनीवर असताना पंपाकडे जाणाऱ्या दांड्याच्या सीलला पाणी मिळत नाही, ते तापून खराब होते. किती मिनिटे चालवायचे हे प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तोच शब्द शेवटचा मानावा.

गोडे पाणी म्हणजे नेमके कोणते, हा कोकणात विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरींत उन्हाळ्यात समुद्राचे पाणी शिरते आणि एप्रिल-मे महिन्यांत पाणी मचूळ होते. त्या पाण्याने धुतलेली जेट स्की स्वच्छ दिसते, पण मीठ कायम राहते. पाणी जिभेला मचूळ लागत असेल तर इंजिन धुण्यासाठी नळाचे किंवा आतल्या भागातून आणलेले पाणी वापरावे. गावात पिण्याच्या पाण्याचीच ओढ असताना हे सोपे नाही, याचा विचार जेट स्की घेण्याआधी करावा. पाणी कमी असेल तर ते आधी इंजिनाच्या आत फिरवावे, मग पंपाला आणि शेवटी बाहेरच्या अंगाला. खाडीत चालवली म्हणजे धुण्याची गरज नाही, हाही गैरसमज आहे. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवर खाडी खारीच असते.

आतून धुऊन झाल्यावर सीट काढून इंजिनाच्या कप्प्यात गोड्या पाण्याचा हलका फवारा मारावा. प्रेशर वॉशर इथे वापरू नये. त्याच्या जोराने विजेच्या जोडण्यांत पाणी घुसते. तळाशी मागच्या बाजूला पाणी काढून टाकायची दोन बुचे असतात. ती उघडून जेट स्की पुढून थोडी उचललेली ठेवावी, म्हणजे सगळे पाणी निथळते. (हीच बुचे लावायची विसरून जेट स्की पाण्यात ढकलणे हा सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त घडणारा अपघात. बुचे काढली की ती चावीच्या दोरीलाच अडकवून ठेवायची सवय लावावी.) कप्पा कोरडा झाला आणि इंजिन निवले की धातूच्या भागांवर गंजरोधक तेलाचा फवारा मारतात. विजेच्या जोडण्यांत डायइलेक्ट्रिक ग्रीस भरतात. विजेचे दोष हा खाऱ्या पाण्यातल्या जेट स्कीचा जुनाट रोग आहे. हिरवी बुरशी आल्यासारखी तांब्याची टोके दिसली की समजावे, मीठ आत पोहोचले आहे.

पंपाचा दुसरा शत्रू वाळू. इम्पेलरच्या भोवती वेअर रिंग नावाचे कडे असते आणि दोघांतली फट मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढी असते. उथळ पाण्यात इंजिन चालू केले की जाळीतून वाळू, शिंपल्यांचे तुकडे आत ओढले जातात आणि कड्याला खाचा पडतात. फट वाढली की पाणी मागे फेकले जाण्याऐवजी तिथेच घुटमळते. इंजिनाचे फेरे वाढतात, आवाज चढतो, वेग मात्र वाढत नाही. मॉडेलप्रमाणे ६० ते ९० सेंटिमीटर पाणी पोटाखाली असल्याशिवाय इंजिन चालू करू नये, असे पुस्तिका सांगतात. आपल्या सपाट पुळणींवर ओहोटीच्या वेळी एवढे पाणी मिळायला बरेच आत चालावे लागते. म्हणून जेट स्की पाण्यात सोडायची वेळ भरती पाहून ठरवावी आणि परत येतानाही कंबरभर पाण्यात इंजिन बंद करून ती हाताने ओढत आणावी.

नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या आपल्या किनाऱ्यांवर वाळूइतक्याच हानिकारक ठरतात. पिशवी जाळीवर चिकटली की पंपाला पाणी मिळत नाही आणि खुल्या व्यवस्थेच्या इंजिनाचे शीतनही त्याच क्षणी तुटते. अनेक जेट स्कींच्या बाजूने इंजिन चालू असताना पाण्याची बारीक धार बाहेर पडत असते. ती बंद झाली किंवा इशारा वाजला तर तिथेच थांबावे. इंजिन बंद करून, चावीची दोरी काढून घेतल्यावरच जाळीकडे हात न्यावा.

उलटलेली जेट स्की सरळ करण्याचीही ठरलेली दिशा असते आणि ती मागच्या बाजूला बाणाने दाखवलेली असते. भलत्या बाजूने फिरवली तर धुराच्या पाइपातले पाणी इंजिनात शिरते. बंद पडलेली जेट स्की होडीला बांधून वेगाने ओढल्यानेही तेच होते. इंजिनात खारे पाणी गेलेच, तर उद्या बघू म्हणून चालत नाही. क्रँकशाफ्टसारखे आतले भाग पोलादी असतात आणि त्यांच्यावर काही तासांतच गंज धरतो. स्पार्क प्लग काढून, इंजिन फिरवून पाणी बाहेर काढणे आणि तेल बदलणे त्याच दिवशी व्हावे. तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी आहे. ते स्वच्छ दिसेपर्यंत एकापेक्षा अधिक वेळा बदलावे लागते.

नेहमीची सर्व्हिसिंग जेट स्कीच्या बाबतीत किलोमीटरवर नसते, इंजिनाच्या तासांवर मोजतात. चार-स्ट्रोक इंजिनाचे तेल आणि फिल्टर साधारण १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदलतात. घरच्या वापरात १०० तास क्वचितच भरतात, म्हणून वर्षाची मर्यादा पाळणे महत्त्वाचे. सुटे भाग घेताना एक धोका लक्षात ठेवावा. मोटारीचा स्टार्टर किंवा इंधनपंप आकाराने बसला तरी जेट स्कीला लावू नये. तिच्या बंद कप्प्यात पेट्रोलची वाफ साठते आणि नौकांसाठी बनवलेले विजेचे भाग ठिणगी बाहेर पडणार नाही असे बंदिस्त असतात. पेट्रोल भरल्यावर सीट उघडून कप्प्याला हवा लागू द्यावी, वास येत नाही याची खात्री करावी आणि मगच इंजिन चालू करावे.

पेट्रोलचा प्रश्न भारतात आता वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा झाला आहे. देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तर जेट स्कीच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी दिलेली आढळते. इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषून घेते. दमट किनाऱ्यावर टाकी अर्धी रिकामी राहिली तर पाणी-इथेनॉलचे मिश्रण वेगळे होऊन तळाशी बसते आणि इंजिनाला आधी तेच मिळते. आपल्या मॉडेलला काय चालते हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. टाकीत पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नये. समुद्रात जाताना मात्र टाकी भरलेली असावी. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखीव, हा जुना नियम वारा उलटला की पटतो.

कागदपत्रांचे काम खरेदीच्या आधी करावे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर परवानगीची जबाबदारी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स यांच्याकडे आहे. कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या अटींवर जेट स्की चालवता येते, हे जवळच्या बंदर कार्यालयात विचारावे. चालवण्याचे प्रशिक्षण गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था देते. लाइफ जॅकेट आणि मनगटाला अडकवायची इंजिन बंद करणारी दोरी, या दोन गोष्टींशिवाय कुणीही पाण्यात उतरू नये. माणूस पडला की दोरी निसटते आणि इंजिन थांबते. ती हँडललाच गुंडाळून ठेवली तर जेट स्की एकटीच निघून जाते किंवा पोहणाऱ्यांत शिरते.

ट्रेलरकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. लांबून ओढून आणलेल्या ट्रेलरची चाके आतून गरम असतात. तशीच पाण्यात घातली की बेअरिंगमधली हवा एकदम आकसते आणि खारे पाणी आत ओढले जाते. काही दिवसांनी बेअरिंग घाटात जाम होते. किनाऱ्यावर पोहोचल्यावर चाके हाताला थंड लागेपर्यंत थांबावे, परतल्यावर ट्रेलरही गोड्या पाण्याने धुवावा आणि त्याच्या बेअरिंगमध्ये ताजे ग्रीस भरत राहावे.

सर्वांत कठीण काळ पावसाळा. मे महिन्याच्या अखेरीस किनाऱ्यावरच्या जलक्रीडा थांबतात आणि जेट स्की तीनेक महिने पडवीत किंवा शेडमध्ये जातात. ती चालत नाही म्हणून सुरक्षित आहे असे वाटते. पण स्वयंपाकघरातली खड्या मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते, तेच तिच्या आत होत असते. शुद्ध मीठसुद्धा हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की पाणी शोषून ओले होते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असल्याने ते त्याहून कोरड्या हवेतही ओलावा धरते. कोकणातल्या जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता या पातळीच्या खाली फारशी उतरतच नाही, त्यामुळे हंगामाअखेरीस आत राहिलेला मिठाचा कणन्‌कण तीन महिने ओला राहून धातू खात बसतो.

म्हणून शेवटच्या फेरीनंतरचे धुणे वर्षातले सर्वांत सावकाश आणि कसोशीचे असावे. तेल पावसाळ्याआधीच बदलावे, जुन्या तेलातले आम्ल आणि पाणी इंजिनात मुरू देऊ नये. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल म्हणजे आतल्या भिंतींवर पातळ थर धरणारे तेल फवारतात. बॅटरी काढून घरात ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. सीट किंचित उघडी ठेवून हवा खेळती राहू द्यावी. प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला तर आत घाम धरतो. श्वास घेणारे कापडी आवरण बरे. उंदीर वायरी कुरतडतात आणि धुराच्या पाइपात घर करतात, तेव्हा अधूनमधून डोकावणेही आले.

जुनी जेट स्की विकत घेताना हेच सगळे उलट्या क्रमाने वाचता येते. मीटरवरचे तास कमी असणे ही पुरेशी हमी नाही. न धुता ठेवलेल्या वीस तासांच्या इंजिनापेक्षा दररोज धुतलेले दोनशे तासांचे इंजिन चांगले निघू शकते. सीट काढून पाइपांवरच्या पट्ट्या आणि स्क्रूंची डोकी पाहावीत, वायरींची टोके उघडावीत, तेलाची कांडी काढून रंग बघावा, अ‍ॅनोड कितपत झिजला आहे ते तपासावे. जाळीतून विजेरीचा उजेड टाकला की इम्पेलरच्या कडा आणि वेअर रिंगवरच्या खाचा दिसतात. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायला लावावा. आकडे एकमेकांच्या जवळ असायला हवेत, एखाद्याचा बराच कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये कधीतरी पाणी गेलेले असू शकते. शेवटी जेट स्की पाण्यात उतरवून पूर्ण वेगात काही मिनिटे चालवावी, किनाऱ्यावर आणून बुचे काढावीत आणि आतून किती पाणी येते ते पाहावे. चार थेंब चालतात. तांब्याभर आले, तर दांड्याचे सील बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच सौदा करावा.